हॅलफर्डचं डावं फुप्फुस

‘यंत्राला फक्त अधिकाराची भाषा कळते,’ असं मी त्या रविवारी सकाळी साडेआठला, ठेवणीतला कोट घालून, सांगलीतल्या आमच्या घराच्या फाटकाशी जमलेल्या अकरा शेजाऱ्यांना सांगितलं. ‘माणूस स्वामी, यंत्र सेवक. हे नातं एकदा पक्कं झालं की यंत्र बंड करत नाही.’ आणि बटण दाबलं.

गाडीनं एक ठसका दिला, ओल्या कुत्र्यासारखं सगळं अंग झटकलं, आणि बॉनेटवर ठेवलेला पूजेचा नारळ गडगडत जाऊन गटारात पडला.

‘अहो, चोक,’ शेजारच्या सीटवरून शालन म्हणाली. शालन म्हणजे माझी बायको. तिच्या मांडीवर ओवाळणीचं तबक होतं.

‘मला माहीत आहे,’ मी म्हणालो, आणि मग चोक ओढला.

ह्या गोष्टीला आता एकतीस वर्षं झाली. तेव्हा मी कॉलेजात फिजिक्स शिकवत असे. इंजिनाचे चार स्ट्रोक मी फळ्यावर रंगीत खडूंनी इतके सुंदर काढायचो की मुलं पुसू द्यायची नाहीत. प्रत्यक्ष इंजिनाचं झाकण मात्र वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत उघडलेलं नव्हतं. ते उघडायची वेळ माझ्यावर माझ्याच तोंडानं आणली.

माझे सासरे अप्पा, म्हणजे डॉक्टर फाटक, मिरजेत प्रॅक्टिस करत. साखर कारखान्याची यंत्रं बसवायला आलेला एक इंग्रज मायदेशी जाताना त्याची हॅलफर्ड टू-सीटर अप्पांना विकून गेला होता. गडद हिरवी, बसकी, लांब नाकाची, आणि पुढं दोन गोल दिवे असे की कुणीतरी आश्चर्यानं बघतंय. अप्पांनी ती तीस वर्षं चालवली, मग डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि ती गोठ्यात गेली. एका दिवाळीत जेवणं चालू असताना शालनचा चुलतभाऊ श्रीरंग म्हणाला, ‘अप्पा, ती गाडी मला द्या. हायवेवरच्या माझ्या हॉटेलच्या छपरावर ठेवतो. रात्री लायटिंग करतो. लांबनं दिसंल!’

अप्पांचा घास हातातच राहिला. आणि मी, पुरणपोळीच्या जोरावर, बोलून गेलो : ‘छपरावर कशाला? मी ती चालू करून दाखवतो.’

‘सोवनी,’ अप्पा म्हणाले, ‘चार वर्षांनी माझं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्या दिवशी ही गाडी तिच्या पायांनी ह्या दारात आणा. दुपारी चारला मला तिच्यातून गावात एक फेरी मारून आणा. जमलं तर गाडी तुमची. नाही जमलं तर श्रीरंगच्या छपरावर.’

ती चार वर्षं मी थोडक्यात सांगतो, कारण आमच्या कॉलनीत ती अजून सविस्तर सांगितली जातात. गाडी आमच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली आली आणि मी ती खोलली. खोलणं उत्तम जमलं. हॅलफर्डचे बोल्ट ना आपल्या इंचाच्या पान्याला बसत, ना मिलिमीटरच्या. त्यामुळं बाबालाल मिस्त्रींकडून एकेक पाना लेथवर करून घ्यावा लागला. गाडीचा सांगाडा लाकडी होता आणि वाळवीनं त्याचा भुगा केलेला. ते काम कुणी सुतार घेईना. शेवटी मिरजेच्या एका सतारमेकरनं घेतलं. त्यानं सांगाडा तर केलाच, पण डॅशबोर्डही असा घडवला, पॉलिश केला आणि कडेनं नक्षी काढली, की श्रीरंगनं बघितल्याबरोबर विचारलं, ‘दाजी, तारा कधी बसवणार?’

तिसऱ्या वर्षी इंजिन चालू झालं. आणि तिथून माझ्या खऱ्या कर्तृत्वाला सुरुवात झाली.

त्या इंजिनाला दोन कार्बोरेटर आहेत. दोघांनी हवा अगदी सारखी ओढली तर गाडी पाण्यासारखी चालते. एकानं जास्त ओढली, दुसऱ्यानं कमी, तर ती खोकते, थरथरते आणि चौकात बंद पडते. अप्पा हे काम स्टेथास्कोपनं करत. स्टेथास्कोपचं पुढचं चपटं भोंगाडं काढायचं, नळी आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायची, मग दुसऱ्याच्या, आणि दोन्हींचा सुस्कारा सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. ‘उजवं फुप्फुस, डावं फुप्फुस,’ असं ते म्हणत. अप्पांचा कान हा मिरजेत कौतुकाचा विषय होता.

मी शास्त्राचा माणूस. मला कानाचा भरवसा नाही. मी कॉलेजच्या लॅबमधून काचेची नळी आणली, तिच्यात रंगीत पाणी भरलं आणि हवेचा दाब मोजायचं साधन बनवलं. दर रविवारी सकाळी सहाला मी आलेख कागद घेऊन बसायचो आणि आठपर्यंत दोन्ही कार्बोरेटर शास्त्रशुद्ध जुळवायचो. त्यानंतर गाडी थोडी खोकायची. मग मी जेवून दुपारभर गाढ झोपायचो. पण सोमवारी बाबालाल मिस्त्री यायचे, बटण दाबायचे आणि मान हलवायचे.

‘सर, काल सकाळी रस्त्यावरनं जाताना ऐकलं, तर गाडी दमेकऱ्यागत करत हुती. आज बघा. बासरी! काय केलासा?’

‘मोजमाप, मिस्त्री. मोजमाप.’

‘पण सकाळी…’

‘धातूला स्थिरावायला पाच-सहा तास लागतात,’ मी म्हणायचो.

मिस्त्री माझ्याकडं बघायचे, मग घराकडं बघायचे, आणि ‘आसंल सर’ म्हणून चहा घ्यायचे. ह्या शोधावर मी कॉलेजच्या वार्षिक अंकात साडेतीन पानांचा लेख लिहिला. ‘धातूचा अपराह्णकालीन स्थिरभाव’ हे त्याचं नाव. दोन आकृत्या होत्या. बी.एस्सी.च्या मुलांनी तो तोंडी परीक्षेत मला माझाच म्हणून दाखवला आणि मी त्यांना पूर्ण गुण दिले.

तर, त्या रविवारी आम्ही निघालो. सांगली ते मिरज दहा किलोमीटर. सकाळी सहाला उठून मी दोन्ही कार्बोरेटर अखेरचे जुळवले होते. एवढा मोठा दिवस, हयगय नको. गाडी विश्रामबागेत एकदा बंद पडली, पुढं एकदा बंद पडायचा विचार करून राहिली. पण पावणेदहाला, खोकत, कुथत, मागं काळ्या धुराची शेपटी सोडत, आम्ही अप्पांच्या दारात पोचलो. तिच्या पायांनी. निम्मी अट पुरी झाली होती.

दारासमोर श्रीरंगचा टेम्पो उभा होता. मागचं फळकूट उघडं, आत जाड दोर.

‘या दाजी,’ श्रीरंग टेम्पोला टेकून म्हणाला. ‘मी आपला तयारीनं आलोय. वाईट वाटून घेऊ नका हां. छपरावर चौथरा पण बांधून झालाय.’

‘चारला भेटू,’ मी म्हणालो.

अप्पा गळ्यात हार घालून व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले होते. ऐंशी वर्षं आणि आठ महिने. माई, माझ्या सासूबाई, दारात भाकरतुकडा घेऊन आल्या, आम्हा दोघांवरून ओवाळला आणि मग थोडा वेळ गाडीकडं बघून तिच्यावरूनही ओवाळला.

‘इंजिन बंद करू नका, सोवनी,’ अप्पा म्हणाले. डोळे मिटून त्यांनी ऐकलं. ‘हिचं डावं फुप्फुस झोपलंय. माझा स्टेथास्कोप आणा.’

‘अप्पा, धातू स्थिरावला की दुपारपर्यंत आपोआप…’

‘स्टेथास्कोप!’

मग पन्नास पाहुण्यांच्या देखत अप्पांनी उपचार केले. हार काढून माईंच्या हातात दिला, नळी कार्बोरेटरला लावली, स्क्रू अर्धा फेरा फिरवला. गाडी सुधारली. खरंच सुधारली. लोकांनी ‘वा’ म्हटलं. अप्पांनी आणखी अर्धा फेरा फिरवला. मग आणखी थोडा. गाडीनं बंदुकीसारखा एक बार काढला, भटजींच्या हातातलं पंचपात्र पडलं, आणि इंजिन बंद झालं. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. गाडी नुसती कण्हली.

‘अप्पा,’ श्रीरंगनं हळूच विचारलं, ‘टेम्पो मागं घेऊ का?’

‘चारपर्यंत वेळ आहे,’ अप्पा म्हणाले. पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. हार त्यांनी पुन्हा घालून घेतला नाही.

सहस्रचंद्रदर्शनाची शांत झाली, होम झाला, ऐंशी दिव्यांनी ओवाळून झालं. जेवायला जिलबी आणि मठ्ठा होता. माझ्या घशाखाली जिलबी उतरत नव्हती, हे शालननं बघितलं आणि तिनं मला आणखी दोन वाढल्या. ‘जेवा पोटभर,’ ती म्हणाली. ‘आणि जरा पडा. दुपारी बघू.’

‘दुपारी काय बघणार? गाडी गेली, शालन.’

‘तुमचा धातू स्थिरावतो की नाही दुपारी?’

तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. बावीस वर्षांच्या संसारात तो चेहरा मी नीट वाचायला शिकलो नव्हतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

फाटकांच्या घरी दुपारी दीड ते साडेतीन झोपायचं असतं. त्यात बदल होत नाही. पाहुणे चारला परत यायचं ठरवून पांगले आणि मधल्या खोलीत गाद्या पडल्या. अप्पा कॉटवर, स्टेथास्कोप गळ्यात तसाच, थोड्या वेळात घोरू लागले. श्रीरंग टेम्पो गल्लीच्या टोकाला सावलीत नेऊन त्यात झोपला. मीही डोळे मिटले, पण सकाळचा तो बार कानातून जाईना. छपरावरची हॅलफर्ड दिसायला लागली. तिच्या आश्चर्यचकित दिव्यांत लाल-निळे बल्ब.

दोन वाजले असतील. माई आत आल्या. मला वाटलं, पंखा बघायला आल्या असतील. त्या कॉटपाशी वाकल्या आणि झोपलेल्या माणसाच्या नाकावरचा चष्मा काढावा तसा त्यांनी अप्पांच्या गळ्यातला स्टेथास्कोप अलगद काढला. अप्पांनी कूस बदलली. माई गेल्या.

मी थोडा वेळ तसाच पडून राहिलो. मग उठून खिडकीच्या फटीतून बघितलं.

गाडीचं बॉनेट उघडं होतं. माईंनी नऊवारीचा पदर कमरेला खोचला होता. शालननं बांगड्या काढून सीटवर ठेवल्या होत्या आणि ती हातात माझाच, बाबालाल मिस्त्रींनी केलेला, छोटा पाना घेऊन वाकली होती.

‘अगं, काय करून ठेवलंय हे!’ माई म्हणाल्या.

‘काल दुपारी मी लावून ठेवली होती ना छान. आज सकाळी सहाला पुन्हा बसले ते नळी घेऊन.’

‘आणि वर ह्यांनी हात मारला. हे दोघं एका गाडीला म्हणजे… थांब, आधी सगळं पहिल्यापासून. दोन्ही स्क्रू घट्ट कर. हां. आता दोन्ही दीड-दीड फेरे सोड. दाब बटण.’

‘अप्पा उठतील.’

‘तीस वर्षं उठले नाहीत, आज उठतात! दाब.’

गाडी चालू झाली. खोकत, पण चालू झाली. माईंनी स्टेथास्कोप कानाला लावला, नळी एका कार्बोरेटरला, मग दुसऱ्याला. डोळे मिटले नाहीत की मान डोलावली नाही. भाजीत मीठ बघावं तसं बघितलं.

‘डावीकडचा सोड. किंचित. अजून. बास! हात काढ.’

‘झालं?’

‘झालं. बरोबर झालं की हात काढायचा. ह्या लोकांना तेवढंच जमत नाही. स्क्रू हातात आला की अर्धा फेरा जास्त.’

इंजिनाचा आवाज असा झाला होता की अंगणात कुणी नसतं तर मी ऐकत उभा राहिलो असतो. तसा मी उभाच होतो.

‘माई, तू हे कधी शिकलीस? मला शिकवलंस, पण हे कधी सांगितलं नाहीस.’

‘तुझ्या वेळी. मला कळा येत होत्या आणि ही बया चालू होईना. हे आपले नळी लावून बसलेत. उजवं फुप्फुस, डावं फुप्फुस! शेवटी मी शेजारच्यांच्या टांग्यातून गेले. तू टांग्यातच झाली असतीस. घरी आले आणि बारशाच्या दुसऱ्या दिवशी, हे झोपल्यावर, हा स्टेथास्कोप काढून घेतला आणि बसले. म्हटलं, पुन्हा मला कुठं जायचं असलं तर ही चालू झालीच पाहिजे.’

‘आणि त्यांना कधी कळलं नाही?’

‘कळायला जागं राहावं लागतं. तुझ्याकडं?’

‘ह्यांनी लेख लिहिलाय,’ शालन म्हणाली.

माईंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून, गाडीच्या दाराला धरून, त्या हसल्या. शालनही हसली. ती अशी हसते हे मला माहीत नव्हतं, की विसरलो होतो, कोण जाणे.

‘सांगणार नाहीस का त्यांना?’

‘काय सांगू? दर सोमवारी ते मिस्त्रींना इतक्या आनंदानं सांगतात.’

मी खिडकीपासून सरकलो. तो माझ्या आयुष्यातला निर्णायक क्षण होता, असं आता मला वाटतं. बाहेर जाऊन खरं बोलता आलं असतं. जावयाला सासरी कुणी चूक म्हणत नाही. त्यानं स्वतःच म्हणायची सोय असते. मी काय केलं, तर गादीवर जाऊन पडलो आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं माई आल्या, अप्पांच्या गळ्यात स्टेथास्कोप होता तसा घातला आणि गेल्या.

चार वाजता अप्पा चहा पिऊन बाहेर आले. श्रीरंग डोळे चोळत दोर मोकळा करत होता.

‘बटण दाबा, सोवनी.’

मी दाबलं. एका दाबात हॅलफर्ड चालू झाली आणि मिरजेच्या त्या गल्लीत कुणीतरी तंबोरा लावून बसावं तशी गुणगुणत राहिली. श्रीरंगच्या हातातला दोर खाली पडला.

अप्पांनी एकदा गाडीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग त्यांची छाती भरून आली. ‘पाहिलंत? औषध सकाळी दिलं, गुण आत्ता आला. आणि तुमचं ते काय म्हणता, स्थिरावणं, त्यातही तथ्य आहे बरं का.’

‘हो अप्पा,’ मी म्हणालो.

‘तुमचा हातच तसा आहे,’ माई दारातून अप्पांना म्हणाल्या. पापणीसुद्धा हलली नाही.

मी अप्पांना फेरी मारून आणली. किल्ल्याच्या बाजूनं, मार्केटातून, स्टेशनकडून. त्यांना नीट दिसत नव्हतं, त्यामुळं ते सगळ्यांनाच हात करत होते. एका म्हशीलाही केला. स्टेशनच्या कोपऱ्यावर ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, ‘ह्या गाडीनं मला आयुष्यात एकदाच दगा दिला. शालनच्या वेळी. बायको कळा देतेय आणि मी डॉक्टर असून नुसता उभा. त्यानंतर मी हिला अशी काही समज दिली, सोवनी, की तीस वर्षांत पुन्हा म्हणून अडली नाही. माईला कुठंही जायचं असो. एकदाही नाही.’

त्यांचे डोळे भरले होते. मी समोर बघून गाडी चालवत राहिलो. माझ्याकडं त्या वेळी एक सत्य होतं आणि ते ठेवायला टू-सीटरमध्ये कुठं जागा नव्हती.

दारात येऊन त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. श्रीरंगनं मोठ्या मनानं मला मिठी मारली. ‘जिंकलात दाजी. आता चौथरा मोकळा राहिला. तुमचा फोटो लावू का? लायटिंग तयार आहे.’

साडेपाचला आम्ही निघालो. गाव मागं पडलं. मला चार वर्षांतला एकेक सोमवार आठवत होता, आणि प्रत्येक सोमवारी मी मिस्त्रींना काय काय सांगितलं ते. विश्रामबागेच्या अलीकडं मी गाडी कडेला घेतली, खाली उतरलो, वळसा घालून तिच्या बाजूला गेलो आणि किल्ली पुढं केली.

‘तू चालव,’ मी म्हणालो.

शालननं किल्लीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

‘दुपारी जागेच होता वाटतं.’

‘छे. गाढ झोपलो होतो.’

‘घोरला नाहीत म्हणून विचारलं.’

तिनं मांडीवरचं तबक आणि माईंनी बांधून दिलेला डबा माझ्या हातात दिला आणि पलीकडं सरकून बसली. लग्नाआधी मिरजेत ती ही गाडी चालवायची, हे मला ऐकून माहीत होतं. लग्नानंतर ती बावीस वर्षं माझ्या स्कूटरवर मागं बसली होती. तिनं पदर खोचला, आरसा वळवला, आणि हॅलफर्ड अशी निघाली की मी कोटाची गुंडी लावून घेतली. रस्त्याच्या कडेनं जाणारी माणसं थांबून बघत होती. गाडीकडं नाही. तिच्याकडं.

मी घसा खाकरला. चार वर्षांची कबुली, क्षमायाचना, तो लेख मागं घेण्याचं जाहीर आश्वासन आणि शेवटी कृतज्ञतेचे दोन शब्द, असं सगळं मी मनात नीट जुळवलं होतं. आवाजही बऱ्यापैकी लागला होता.

‘शालन,’ मी म्हणालो, ‘आज मला एक फार मोठी गोष्ट…’

‘अहो, ते असू दे,’ रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली. ‘तेवढा मठ्ठ्याचा डबा सरळ धरा. झाकण सैल आहे.’